नातवंडांबरोबर दुपारी हाताने काय करता? सल्ला हवा (वडोदरा)

मांजलपूरची आजी
नमस्कार मंडळी. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्यामुळे दुपारी एक ते सहा दोन्ही नातवंडं आमच्याकडे असतात. नातू साडेसहा वर्षांचा, नात चारची. मला भरतकाम येतं. यांचं आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं, करवत-रंधा अजून घरात आहे. रंगवायचे तयार संच आणून पाहिले. अर्ध्या तासात संपतात आणि पुन्हा मोबाइल. गेल्या आठवड्यात नातवाला साखळी टाका शिकवायला बसले. टाके नीट यावेत म्हणून तीनदा उसवायला लावलं, तर तो रडून उठला. आता सुईकडे बघतही नाही. माझं चुकलं, ते मनाला लागून राहिलंय. तुम्ही सुरुवात कशी केलीत?

कारेलीबाग_गोधडी
काकू, आधी उसवणं बंद करा. साखळी टाका त्याच्यासाठी लवकर होतोय. धावदोरा द्या, म्हणजे सुई खाली-वर करत घातलेले साधे सरळ टाके, आणि शिकवायचं म्हणून वेगळं कापड देऊ नका. तुमची स्वतःची गोधडी घ्या.
मी तसंच केलं. दोन जुन्या सुती साड्यांच्या घड्या एकावर एक अंथरल्या, चारी कडांना कच्चे टाके घातले आणि कडेकडून आत शिवत बसले. नात शेजारी येऊन बसली. तिला बोथट टोकाची जाड सुई दिली. कापडाचे थर जास्त असले की ती सुई आत जात नाही, म्हणून तिच्या कोपऱ्यात दोनच थर ठेवले. तिचे टाके बोटाएवढे लांब, माझे तांदळाएवढे. दोन्ही तसेच ठेवले. मला आता सुईत दोरा ओवता येत नाही, ते काम तिचं. दुपारी दहा सुया ओवून सुईउशीला टोचून ठेवते आणि मला मोजून दाखवते. तुमच्या चार वर्षांच्या नातीला चिंध्या रंगांप्रमाणे वेगळ्या लावायला द्या. सुई इतक्यात नको.

रावपुऱ्यातले आजोबा
ताई, घरात रंधा आहे म्हणता, मग साहेबांना बसवा की! नातवाला करवत नको. पॉलिश पेपर द्या, आधी खरखरीत, मग बारीक, आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासायला सांगा. फळांच्या पेटीची फळी मऊ असते, ती चालेल. तिचे खिळे मात्र आधी स्वतः उपटा. खिळा ठोकताना तो बोटात न धरता कपड्यांच्या चिमट्यात धरायचा. हातोडी हलकी घ्या. नातवाबरोबर मी चिमण्यांसाठी पाण्याचं ताट ठेवायची बैठक केली. चारपैकी एक पाय आखूड झाला. मी दुरुस्त करणार होतो, पण त्यानेच खाली पुठ्ठा सारला. तो पुठ्ठा अजून तिथेच आहे.

चित्रकलेच्या बाई (निवृत्त)
दोघांचंही पटलं. लहानीसाठी शाडू माती आणा. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की बरेच दिवस मऊ राहते. सोंड किंवा कान जोडताना दोन्हीकडे काट्याने ओरखडे काढा आणि मध्ये पातळ माती लावा. नुसतं दाबून चिकटवलं तर वाळल्यावर गळून पडतं आणि मूल हिरमुसतं. वाळवायचं सावलीतच, उन्हात तडे जातात.
चिकटवायला मैद्याची खळ करा. आपल्या आया त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायच्या. ते विष आहे, मुलांसाठी अजिबात घालू नका. रोज ताजी खळ करा.
आणि सकाळी ऊन चढायच्या आत एकदा दोघांना कीर्तिमंदिरात, गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात, न्या. चित्रकार नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात तिथल्या भिंती रंगवल्या. गंगावतरण, मीरा, महाभारत असं सगळं आहे. पूर्ण भिंत समजावत बसू नका. प्रत्येकाने एक घोडा किंवा एक माणूस निवडायचा आणि घरी येऊन आठवेल तसा काढायचा. रावपुऱ्यातला तांबेकर वाडाही आहेच. बडोद्याच्या दिवाणांचा वाडा, आतल्या भिंतींवर जुनी चित्रं. वेळ आधी विचारून जा. दोन्ही एका दिवशी करू नका, मुलं दमतात.

कारेलीबाग_गोधडी
बाईंचं बरोबर आहे. मी गप्पांच्या नादात गोष्टी सांगायला लागते आणि नातीचं बघणं राहून जातं.

मांजलपूरची आजी
तीन आठवड्यांनी लिहितेय. मी गोधडी काढून बसले, कुणालाही बोलावलं नाही. चौथ्या दिवशी नातू आला आणि म्हणाला, "मी फक्त सुई ओवतो हं." ओवता ओवता एक ओळ घातली. वाकडी आहे, हात लावलेला नाही. कीर्तिमंदिरातून आल्यावर त्याने घोडा काढला, पाच पायांचा. तोच आता गोधडीच्या मधोमध हवाय म्हणतो, आणि घोडा निळाच पाहिजे. लहानी मातीचे लाडू वळते आणि आजोबांना वाढते. हे रोज पाटावर बसून ते "खातात".
निळं सुती कापड घरात नाही. मांडवीकडे शिंप्यांकडून सुती चिंध्या मिळतात का? दोन वीत पुरेल.

रावपुऱ्यातले आजोबा
माझा जुना निळा सदरा आहे, धुऊन मऊ झालेला. उद्या संध्याकाळी आणून देतो.