एकटीने न्यूझीलंड रोडट्रिप आणि वायटोमोची गुहा, भीती कशी घालवू?

प्रश्न: ऑकलंडहून गाडी घेऊन एकटीच वायटोमोला जातेय, साधारण २०० किमी. हवा भरलेल्या रबरी ट्यूबवर बसून गुहेतल्या नदीतून जायचं, ब्लॅक वॉटर राफ्टिंग, ते बुक करून बसलेय आणि आता हातपाय गळालेत, कारण मला लिफ्टमध्येपण गुदमरतं. कॅन्सल करू का?

भटकभवानी: ड्रायव्हिंगचं टेन्शन नको घेऊ, तिकडेपण डावीकडूनच चालवतात. फक्त एकेरी पूल लागतात, पाटीवर तुझ्या बाजूचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. अंधार पडायच्या आत पोच म्हणजे झालं.

घुबड: मी केलंय ते राफ्टिंग. पाणी जाम गार, वेटसूट देतात तरी. छोट्या धबधब्यावरून पाठमोरी उडी मारायला लावतात तिथे माझी खरी फाटली होती, गाइडला सरळ सांगितलं की घाबरलोय, त्याने मला आपल्या मागेच ठेवलं. मग दिवे बंद केले आणि वर बघतो तर छतभर निळसर ठिपके! अळ्या असतात त्या, चिकट धागे सोडून उजेडाने किडे पकडतात. रोमँटिक वगैरे काही नाही, पण भीती विसरलो हे खरं.

प्रश्नकर्ती: अळ्या?? हे नसतं सांगितलं तरी चाललं असतं 😂

भटकभवानी: अगं मग आधी साधी ग्लोवर्म (त्याच चमकणाऱ्या अळ्या) गुहा कर, चालत जायचं, शेवटी होडी. तिथे जमलं तर राफ्टिंग.