तलवार कुठलीही असो, पॅरी तीच? नाही पटत!

सहामुखी:
फासे टाकून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांमध्ये पॅरी म्हणजे हातातल्या शस्त्राने वार अडवणं. त्याबद्दल काल वीसमुखी यांनी लिहिलं, "पॅरीचा आकडा स्किलवरून येतो. हातात रेपियर (लांब, सडपातळ युरोपियन तलवार) आहे की तलवार, याने फरक पडता कामा नये. बाकी सगळा जीएमचा (खेळ चालवणाऱ्याचा) छळ." रात्रभर डोक्यात घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

डी अँड डीमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स) हे चालून जातं. तिथे वार चुकवणं, अडवणं, चिलखतावर झेलणं, सगळं आर्मर क्लास नावाच्या एकाच आकड्यात कोंबलंय. पण आपण बोलतोय गर्प्स या दुसऱ्या खेळाबद्दल. स्किलचं निम्मं अधिक 3, म्हणजे स्किल 16 असेल तर पॅरी 11, मग रेपियर असो वा ब्रॉडसोर्ड (रुंद पात्याची तलवार). इथवर ठीक. आता मागे सरकून अडवा. ब्रॉडसोर्डवाल्याला पॅरीत 1 जास्त मिळतो, फेन्सिंगवाल्याला (रेपियरसारखं शस्त्र चालवणाऱ्याला) 3. तीन फाशांवर 12 किंवा कमी पडण्याची, म्हणजे वार अडवण्याची शक्यता 74 टक्के, 14 किंवा कमीची जवळपास 91. त्याच फेरीत दुसरा शत्रू अंगावर आला तर ब्रॉडसोर्डचे 4 कमी होतात, फेन्सिंगचे 2. जागेवर उभं राहून 7 विरुद्ध 9. म्हणजे 16 टक्के आणि साडेसदतीस टक्के! हा फरक नाही तर काय?

आणि हे फुकट मिळत नाही. अंगावर ओझं चढलं की फेन्सिंगची पॅरी उतरते. दीड पाउंडाच्या स्मॉलसोर्डने सात पाउंडांची ग्रेटसोर्ड अडवली, तर पातं मोडण्याची शक्यता सहात तीन. तलवारीचा प्रकार असा खेळात उतरतो. तो काढला तर सगळ्यांच्या हातात एकच काठी उरते.

वीसमुखी:
ताई, हा हिशेब मलाही पाठ आहे. माझं भांडण त्यामागच्या समजाशी आहे. गर्प्समध्येच रेपियर पावणेतीन पाउंड आणि ब्रॉडसोर्ड तीन. पाव पाउंडासाठी एवढं बक्षीस? जॉर्ज सिल्व्हर नावाच्या इंग्रजाने 1599 मध्ये रेपियरवर हीच टीका केली होती, की पातं वाजवीपेक्षा लांब आणि मूठ हात झाकत नाही. तो प्रत्यक्ष लढाईतला जाणकार, आपण फासे टाकणारे. फरक तालमीचा असतो, लोखंडाचा नाही.

सहामुखी:
वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे बघा. रेपियरचा तोल मुठीजवळ असतो, म्हणून टोक चटकन वळतं. आणि सिल्व्हरचं म्हणणं मान्य केलं तर तुमचाच मुद्दा पडतो. पात्याची लांबी आणि मूठ बचावात महत्त्वाची आहे, हेच तर तो सांगतोय!

ढालाईत:
दोघंही ढाल विसरलात. नेहमीचंच आहे. ज्याला त्याला पात्यावर पातं आपटायचंय. आपल्याकडची तलवार हातात घेऊन बघा, मुठीच्या शेवटची चकती मनगटाला टेकते. युरोपियन फेन्सिंगसारखं मनगट मोकळं फिरत नाही. ती ओढून कापायला आहे, वार झेलायला डाव्या हातात ढाल आहे. गर्प्समध्ये ढालीला स्वतःचा ब्लॉक (ढालीने वार अडवण्याचा आकडा) आहे, शिवाय मध्यम ढालीचे 2 पॅरीलाही मिळतात. आमच्या जीएमने पातं वाकडं दिसलं म्हणून तलवारीला सेबर (फेन्सिंगमधली हलकी तलवार) स्किल दिलं आणि माझी ढाल ओझ्यात मोजली! अहो, घोडदळाची जड सेबरसुद्धा गर्प्स ब्रॉडसोर्डमध्येच टाकतं. सांगून थकलो, ऐकलं नाही. त्या कॅम्पेनमध्ये माझा मावळा तिसऱ्या फेरीत मेला. ते अजून विसरलेलो नाही.

कोल्हापूरकर:
तलवारीचं सोडा, दांडपट्ट्याचं काय ते सांगा. आमच्या गटात तोच वाद पेटलाय.

वीसमुखी:
पट्ट्याला पॅरी शून्य द्यावी. हात कोपरापर्यंत खोबळ्यात (पट्ट्याच्या पोलादी हातमोज्यात) अडकलेला, मनगट बंद, पातं लवचिक. अडवणार कशाने?

कोल्हापूरकर:
शून्य?? मर्दानी खेळ कधी समोर उभं राहून पाहिलाय का? पट्टा फिरायला लागला की त्याच्या घेरात शिरायची कुणाची छाती नाही. लहानपणापासून आखाड्यात वाढलोय मी. मनगट बंद असलं तरी खांदा आणि पाय आहेत ना! न बघता शून्य लिहायचं म्हणजे कमाल झाली.

वीसमुखी:
घेरात कुणी शिरत नाही म्हणजे वार अडवला असं होत नाही. आखाड्यात समोरचा जीव घ्यायला आलेला नसतो. भावना बाजूला ठेवा.

कोल्हापूरकर:
भावना नाही, सभासद बखर वाचा. प्रतापगड, 1659. सय्यद बंडाने पट्ट्याचे वार चालवले, तेव्हा महाराजांनी पट्टा आणि बिचवा यांची कातर करून चार वार वारले. पाचवा वार पडायच्या आत जिवा महालाने फिरंगेने (सरळ युरोपियन पात्याच्या तलवारीने) बंडाचा पट्ट्याचा हात तोडला. आता बोला.

ढालाईत:
कातर करून! म्हणजे डाव्या हातात काहीतरी हवंच. मी ढालीबद्दल तेच म्हणतोय.

सहामुखी:
आणि वारांमागून वार येत गेले की बचाव थकतो. गर्प्समधली ती दुसऱ्या-तिसऱ्या पॅरीची वजाबाकी याचसाठी आहे. म्हणूनच शस्त्रागणिक ती वेगळी हवी.

वीसमुखी:
बखर प्रसंगानंतर पस्तीस-अडतीस वर्षांनी लिहिलेली आहे, ती नियमपुस्तिका नव्हे. पण शून्य मागे घेतो. पट्टा एकटा असेल तर पॅरीत 2 कमी, बिचव्याबरोबर असेल तर पूर्ण. याहून जास्त देणार नाही. रेपियरचे 3 मात्र मला अजूनही जास्त वाटतात, माझ्या टेबलावर 2 राहतील.

सहामुखी:
2 ठेवा, पण ओझ्याचा नियम काढू नका. नाहीतर तुमचे सगळे खेळाडू चिलखत घालून रेपियर घेतील.

कोल्हापूरकर:
एकट्या पट्ट्याला 2 कमी हे मला मान्य नाही. समोर एकच माणूस असेल तर कमी करा, चौघांनी घेरलं असेल तर उलट वाढवायला हवेत. पट्टा गर्दीचंच हत्यार आहे. शनिवारच्या सेशनला आमच्या जीएमसमोर मी हेच मांडणार आहे.