मदत हवी आहे: आरटीएफमधला फोटो वर्डपॅडमध्ये दिसत नाही

नमस्कार मंडळी. लिनक्स सर्व्हरवर पायथनमधून सभासदांची ओळखपत्रं आरटीएफ (वर्ड आणि वर्डपॅड दोन्हींत उघडणारं दस्तऐवजाचं स्वरूप) फाइल म्हणून तयार करतोय. मराठी मजकूर युनिकोड आकड्यांनी लिहितो, तो सगळीकडे नीट येतो. अडलंय ते फोटोपाशी.

फोटोची पीएनजी फाइल हेक्समध्ये (एका बाइटला दोन अक्षरं) बदलून पिक्ट गटात, म्हणजे आरटीएफमधल्या चित्राच्या भागात, पीएनजीब्लिप ही पीएनजीची खूण लावून टाकली. माप ट्विपमध्ये (इंचाला १४४०), म्हणजे ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरच्या फोटोला १९८४ आणि २५५१. वर्ड आणि लिब्रेऑफिसमध्ये फोटो अगदी जागच्या जागी. पण विंडोज ७ च्या वर्डपॅडमध्ये तिथे काहीच नाही, नावाची ओळ सरळ वर सरकते. जेपेग फोटो घेऊन जेपेगब्लिप ही खूण लावली तरी तेच.

पीडीएफ चालणार नाही. समोरचे लोक पत्ता हाताने दुरुस्त करतात आणि त्यांच्याकडे वर्डपॅडच आहे. त्यांना नवं काही बसवायला सांगणं मला बरोबर वाटत नाही.

आता डब्ल्यूएमएफ (विंडोजचं जुनं चित्र-स्वरूप) हाच मार्ग दिसतोय. सुरुवातीचं २२ बाइटचं हेडर आरटीएफमध्ये घालायचं नसतं, हे कळलंय. पण अशी फाइल बनवून देणारी विंडोजवरची जीडीआय प्लस ही चित्रांची लायब्ररी इथे लिनक्सवर नाही. शिवाय त्यात जाणारा २८० बाय ३६० पिक्सेलचा २४ बिट बिटमॅप म्हणजे हेक्सची सहा लाखांवर अक्षरं! तीही चालवून घेईन.

स्ट्रेचडिब रेकॉर्ड (बिटमॅप हव्या त्या मापात काढायला सांगणारी नोंद) असलेली डब्ल्यूएमएफ कुणी निव्वळ पायथनमधून बाइट जुळवून लिहिली आहे का? आणि आरटीएफमध्ये पिकडब्ल्यू, पिकएच ही चित्राच्या रुंदी-उंचीची मापं पिक्सेलमध्ये द्यायची की मिलिमीटरच्या शंभराव्या भागात?