मदत हवी आहे: प्लेटलेट्स ४१ हजार, एसडीपी (सिंगल डोनर प्लेटलेट्स) आणायला सांगितलंय

चिन्मय_कर्वेनगर:
बाबांना डेंग्यू झालाय, घराजवळच्या हॉस्पिटलात ॲडमिट आहेत. सकाळी प्लेटलेट्स ४१ हजार. "एसडीपीची सोय करा" अशी चिठ्ठी हातात ठेवून डॉक्टर राउंड संपवून गेले. साध्या रक्ताच्या पिशवीने भागणार नाही का? आम्ही भाऊ रक्त द्यायला तयार आहोत. प्लीज लवकर सांगा.

आदिती_प:
वय? ब्लड ग्रुप? तापाचा कितवा दिवस? हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, पोटदुखी, उलट्या, यातलं काही?

शिरीषकाका:
पपईच्या पानांचा रस द्या, दोन-दोन चमचे. आमच्या सूनबाई त्यावरच बऱ्या झाल्या. जोडीला किवी.

रक्तपेढीतला_माणूस:
काका, ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांत प्लेटलेट्स आपोआप चढायला लागतात, रस पाजा नाहीतर नका पाजू. मळमळणाऱ्या माणसाला तो कडू रस कशाला?
चिन्मय, साधी पिशवी उपयोगाची नाही. अख्खं रक्त २ ते ६ अंशांवर ठेवतात, त्या थंडीत प्लेटलेट्स निकामी होतात. त्यांना २० ते २४ अंश लागतात, पिशवी सतत हलती ठेवावी लागते आणि तरी ५ दिवसच टिकतात. एका दात्याच्या रक्तातून वेगळ्या काढल्या की ती आरडीपी (रँडम डोनर प्लेटलेट्स), तिने काउंट ५-१० हजारांनी वाढतो. एसडीपीला दाता मशीनवर तास-दीड तास बसतो. मशीन प्लेटलेट्स काढून घेतं आणि तांबड्या पेशी त्याला परत देतं. त्या एका पिशवीने ३०-५० हजार वाढतात.

निगडीकर:
मग एसडीपीचा खर्च कशाला? चार-पाच आरडीपी आणा, काम तेच.

रक्तपेढीतला_माणूस:
काम तेच, पण चार-पाच वेगवेगळ्या माणसांचं रक्त पेशंटच्या अंगात जातं. अगदीच अडलं तर आरडीपी चालतात.

आदिती_प:
अहो, पिशवी कुठली ते नंतर! ती लागणार आहे का हेच अजून ठरलेलं नाही. चिन्मय, माझे प्रश्न तसेच राहिलेत.

चिन्मय_कर्वेनगर:
वय ६१, ओ पॉझिटिव्ह. पाचवा दिवस, ताप काल रात्री उतरला. रक्त कुठूनच नाही. मग आता धोका टळला ना?

आदिती_प:
नाही. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाचे एक-दोन दिवसच जपायचे असतात. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) बाहेर झिरपतो, रक्त दाट होतं, बीपी पडतं. रिपोर्टात एचसीटी (रक्त किती दाट आहे तो आकडा) बघा, कालच्यापेक्षा वाढलंय का? मी आयसीयूत काम करते, सगळे नातेवाईक प्लेटलेट्सच विचारतात, हा आकडा कुणीच विचारत नाही. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट्स चढवत नाहीत. बाबा आधीपासून ॲस्पिरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) घेत असतील तर मात्र डॉक्टरांना आत्ताच सांगा.

मीरा_सातारारोड:
तांबड्या पेशी किती दिवस जगतात? मुलीला प्रोजेक्ट आहे.

रक्तपेढीतला_माणूस:
सुमारे १२० दिवस. प्लेटलेट्स ८-१०. ताई, बाकीचं वेगळ्या धाग्यावर विचाराल का?
चिन्मय, काउंट नुसता मशीनचा आहे की मायक्रोस्कोपखाली स्लाइडही बघितलीय? नळीत प्लेटलेट्सचे पुंजके झाले तर मशीनला त्या कमी दिसतात.

शिरीषकाका:
पपईने कुणाचं वाईट झालेलं मी तरी ऐकलं नाही.

चिन्मय_कर्वेनगर:
ॲस्पिरिन रोज घेतात, हार्टची गोळी म्हणून!! सिस्टरना सांगितलं, त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. आजचा डोस बंद. एचसीटी काल ४२, आज ४३. स्लाइडवर ४८ हजार. डॉक्टर म्हणाले, आज चढवायच्या नाहीत, संध्याकाळी परत काउंट, पण दाता तयार ठेवा.

रक्तपेढीतला_माणूस:
भावांपैकी ओ पॉझिटिव्ह कोण? वजन ५० किलोच्या वर हवं, कोपराच्या शिरा ठसठशीत हव्यात आणि मागच्या तीन दिवसांत त्यानेही ॲस्पिरिन घेतलेली नको. त्याला आत्ताच नेऊन तपासून घ्या, रात्री बारा वाजता धावपळ नको. उपाशी नेऊ नका.