दहावीचा उत्क्रांतीचा धडा आणि सप्ताहातील सृष्टिकथा: मुलांना खरे काय सांगावे?

प्रश्न: पांझराकाठ (साक्री तालुका)

मी एका खेड्यातील माध्यमिक शाळेत सतरा वर्षांपासून विज्ञान शिकवतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. यंदा तो शिकवून होतो न होतो तोच गावात श्रावणातील हरिनाम सप्ताह बसला. संध्याकाळी वर्गातील निम्मी मुले मंडपात असतात आणि मीही असतो, कारण माझे वडील माळकरी होते आणि टाळ लहानपणापासून माझ्या हातात आहे. तिसऱ्या दिवशी महाराजांनी क्षीरसागर, शेषावर पहुडलेले नारायण, त्यांच्या नाभीतून उमललेले कमळ आणि त्या कमळावर बसून सृष्टी रचणारे ब्रह्मदेव हे आख्यान फार रसाळ लावले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, पेपरात डार्विन लिहायचा हे मला कळले. पण खरे काय आहे?”

मी तिला म्हणालो, “सध्या पुस्तकातले नीट लिही, बाकीचे मोठेपणी समजेल.” ती काही न बोलता वही मिटून खाली बसली. तेव्हापासून मला चैन नाही, कारण ज्या प्रश्नासाठी आपण शिक्षक झालो तोच प्रश्न समोर आला आणि मी तो टाळला.

उत्क्रांती मला पटलेली आहे. केवळ परीक्षेपुरती मी ती शिकवत नाही. पण त्या मुलीच्या आजीचे कानबाईचे (खान्देशातील देवीचे) रोट, मंडपातला गजर आणि माझ्या वडिलांची माळ यांना ‘अडाणीपणा’ हा शब्द लावणे मला जमत नाही आणि ते योग्यही वाटत नाही. याच वर्गातून आणखी दोन प्रश्न आले. माणूस माकडापासून झाला असेल तर माकडे अजून माकडेच कशी राहिली, हा पहिला. आणि महास्फोट झाला तर तो कशात झाला, हा दुसरा. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. मला उत्तर मुलांना सांगता येईल असे हवे आहे.

उत्तर १: कापूसवाला (पारोळा)

सर, मी कृषी पदवीधर आहे आणि घरी बारा एकर कोरडवाहू कपाशी आहे. उत्क्रांती मला पुस्तकात समजली नाही, ती बांधावर समजली. तुमच्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी कपाशी असणार, म्हणून सुरुवात तिथूनच करावी असे मला वाटते.

आपल्या देशात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे एक जनुक त्या झाडात घातलेले असते. त्यामुळे झाडात असे प्रथिन तयार होते, की ते अळीच्या आतड्याला चिकटते आणि अळी मरते. २००६ पासून दोन प्रथिने असलेले वाण आले. पहिली काही वर्षे बोंड फोडले तर आत पांढरीशुभ्र सरकी आणि रुईच दिसत असे. पण २०१० पर्यंत गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचे स्पष्ट झाले आणि २०१७ च्या हंगामात तर आपल्या राज्यात शेतेच्या शेते कवडी झाली. आमच्या शेतात त्या वर्षी मी बाहेरून निरोगी दिसणारे हिरवे बोंड नखाने उकलले, तर एका कप्प्यात गुलाबी अळी होती आणि सरकी आतून पोखरलेली होती. बोंडाला बाहेरून छिद्रसुद्धा दिसत नव्हते.

हे घडले कसे, ते मुलांना विचारावे. अळीने ठरवून काही केले नाही. लाखो अळ्यांत एखादीच अशी असते, की जन्मतःच तिच्या आतड्यातील तो भाग जरा निराळा असतो आणि विष त्याला नीट चिकटत नाही. बीटी नसताना या वेगळेपणाचा तिला काहीच उपयोग नव्हता. शिवारभर बीटी झाल्यावर मात्र बाकीच्या मेल्या, ती उरली आणि पुढच्या पतंगांत तिचीच संतती वाढत गेली. यासाठीच सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचे नॉन-बीटी पाकीट मिळत असे. त्या कडेच्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा दणकट पतंगांशी संकर व्हावा आणि दणकटपणा पातळ व्हावा, हा त्यामागचा हिशेब होता. म्हणजे त्या पाकिटाची शिफारसच डार्विनच्या विचारावर उभी होती. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाकीट बांधावर फेकले. वर फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात राखलेली कपाशी) ठेवली आणि कपाशीवरच जगणाऱ्या या अळीला जास्तीच्या पिढ्या आपणच मिळवून दिल्या. मीही फरदड ठेवत होतो, म्हणून हे बोलण्याचा मला अधिकार आहे असे समजतो.

माकडाच्या प्रश्नाला खान्देशी मुलांसाठी सोपा दाखला आहे. प्रत्येक गावातील कोणी ना कोणी सुरतेला गेलेले आहे. सुरतेचा चुलतभाऊ गावातल्या भावापासून जन्मलेला नसतो. दोघांचा आजा एक असतो. एक शाखा तिकडे गेली म्हणून गावातली शाखा नाहीशी होत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा असा सामाईक आजा सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होता आणि तो आजचे माकडही नव्हता, आजचा माणूसही नव्हता.

उत्तर २: तापीतीर (शहादा)

सर, मला यात विरोध दिसतच नाही. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन हा अवतारांचा क्रम पाहिला, तर पाण्यातील जीव, मग पाण्यात आणि जमिनीवर राहणारा, मग जमिनीवरचा पशू, मग अर्धा पशू आणि अर्धा मानव, मग ठेंगणा मानव, अशी उत्क्रांतीच आपल्या पूर्वजांनी सांगितलेली दिसते. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आहे आणि पृथ्वीचे वय आज सुमारे ४५४ कोटी वर्षे मानतात. इतके जवळचे आकडे योगायोगाने येत नाहीत. मुलांना दोन्ही एकच आहे असे सांगितले, तर त्यांचा अभिमानही राहील आणि अभ्यासही होईल. अळीच्या उदाहरणाबद्दल एक शंका आहे: अळी शेवटी अळीच राहिली, तिचा पक्षी झाला नाही.

उत्तर ३: पाटण्याची वाट (चाळीसगाव)

मी भूगोल शिकवून निवृत्त झाले आहे. तापीतीर दादा, आपल्या भावनेचा मला आदर आहे, तरी ही वाट मुलांना दाखवू नये असे मी आग्रहाने म्हणेन.

आधी आकड्याचे पाहू. आपण पूजेला बसतो तेव्हा संकल्पात श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे युग, कलियुगाचा प्रथम चरण असे म्हणतो. चौदांपैकी हे सातवे मन्वंतर आहे. म्हणजे परंपरेच्याच हिशेबाने ब्रह्मदेवाचा दिवस अजून अर्धाही उलटलेला नाही आणि या कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षे झाली आहेत. ४३२ कोटी हा पूर्ण दिवस आहे, सृष्टीचे वय नव्हे. जो संकल्प आपण रोज म्हणतो तोच या जुळवाजुळवीला नकार देतो.

अवतारांच्या क्रमाचेही तसेच आहे. वराह माणसाचा पूर्वज नाही आणि अर्धा सिंह असा कोणताही जीव आपल्या वंशात झाला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खऱ्या सिद्धांताने कुठे खणायचे ते सांगितले पाहिजे. मासे आणि चतुष्पाद यांच्यामधला प्राणी साधारण ३७ ते ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडायला हवा, असे गणित करून शास्त्रज्ञ कॅनडाच्या आर्क्टिक भागातील त्या वयाच्या खडकांत वर्षानुवर्षे शोधत राहिले आणि २००४ मध्ये त्यांना टिकटालिक सापडला. त्याला खवले आणि कल्ले होते, पण मानही होती आणि परांच्या आत मनगटासारखी हाडे होती. अळीचा पक्षी होत नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे आणि तसा दावा कोणी करतही नाही. मोठे बदल लहान बदलांच्या साठ्यातून होतात आणि त्यांना कोट्यवधी वर्षे लागतात. म्हणून काळ किती मोठा आहे हे आधी मुलांच्या डोळ्यांना दिसले पाहिजे.

सर, ते दाखवायला आपल्याला कुठे लांब जायला नको. धुळे, साक्री, नंदुरबार या पट्ट्यात शेतांतून सरळ रेषेत गेलेल्या, काळ्या दगडाच्या भिंतीसारख्या अरुंद टेकड्या आहेत. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. जमिनीवर लाव्ह्याचे थर पसरले, त्यांना भेगा पडल्या, त्या भेगांतून नवा लाव्हा वर आला आणि गोठला. पुढे आजूबाजूचा खडक झिजला आणि ही भिंत उभी राहिली. जे कापून जाते ते कापले गेलेल्यापेक्षा नंतरचे, एवढा एकच नियम हातात दिला तरी मुले कोणता खडक आधीचा हे स्वतः ओळखतात. वय मात्र खडकातील पोटॅशियमच्या एका प्रकाराचे अरगॉन वायूमध्ये रूपांतर किती झाले यावरून मोजतात. ते अर्धे व्हायलाच सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. दख्खनचा हा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर संपले त्या सुमाराचा आहे. कपाशीची काळी माती याच दगडाची झीज आहे.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केले. तिथे सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी आणि रेघांची नक्षी कोरलेले कवच मिळाले. आज भारतात शहामृग रानात कुठेच नाही. याच पाटण्यात, पाटणादेवीच्या परिसरात, तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीत पृथ्वीला कोणाचा आधार आहे हा प्रश्न घेतला आहे. त्यांचा युक्तिवाद असा: पृथ्वीला एखादा मूर्त आधार मानला तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल, त्याला तिसरा, आणि याला अंत राहणार नाही; शेवटी कोणाला तरी स्वतःच्या शक्तीने स्थिर मानावेच लागत असेल, तर ती शक्ती पृथ्वीचीच का मानू नये? ते देवाला वंदन करून ग्रंथ आरंभणारे श्रद्धावंत होते, कल्पाचा आकडाही त्यांनी वापरला. पण पृथ्वी शेषाच्या माथ्यावर आहे हे पुराणांतील वर्णन त्यांनी गणिताच्या दालनात येऊ दिले नाही. त्यांनी दोन्हींची सरमिसळ केली नाही, हे त्या मुलीला जरूर सांगावे.

उत्तर ४: आकाशदर्शन (नवापूर)

महास्फोटाच्या प्रश्नापुरते लिहितो. ‘बिग बँग’ (महास्फोट) हे नाव ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी १९४९ च्या एका रेडिओ भाषणात दिले आणि त्यांना स्वतःला तो सिद्धांत मान्य नव्हता. स्फोट म्हटले की रिकाम्या जागेत फुटलेला फटाका डोळ्यांसमोर येतो. इथे मात्र अवकाशच प्रसरण पावत आहे, म्हणून ‘कशात’ हा प्रश्न तसा लागू पडत नाही. विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अतितप्त आणि अतिघन होते, याची खूण म्हणून सर्व दिशांनी येणारे मंद सूक्ष्मलहरींचे प्रारण १९६५ मध्ये सापडले. त्याआधी काय होते याचे ठाम उत्तर आज कोणाजवळ नाही.

मुलांना दोन माणसे सांगावीत. प्रसरणाचा विचार १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. पुढे १९५१ मध्ये पोपनी या सिद्धांताला ईश्वरी निर्मितीचा दाखला म्हटले, तेव्हा ही सांगड लमेत्र यांना रुचली नाही. दुसरे आपले जयंत नारळीकर. हॉईल यांच्याबरोबर त्यांनी विश्वाला आरंभ नाही असे मानणाऱ्या स्थिर-स्थिती सिद्धांताची बाजू लढवली आणि महास्फोटाविषयीच्या शंका अखेरपर्यंत मांडल्या, पण त्यांचा सगळा वाद निरीक्षणांच्या आणि गणिताच्या भाषेत होता.

उत्तर ५: टाळकरी आबा (अमळनेर)

मी चाळीस वर्षे कीर्तन करतो. कमळाचे आख्यान मीही लावतो आणि पुढेही लावीन. ते ऐकून माणूस ‘हे सारे माझे नाही, मी याचा आहे’ या भावाने घरी जावा, एवढ्यासाठी ते आख्यान आहे. खडकाचे वय सांगण्यासाठी ते कधीच नव्हते. कोणी महाराज गादीवरून डार्विन खोटा असे सांगत असतील, तर ते आपल्या अधिकाराबाहेर बोलत आहेत असे मी स्पष्ट म्हणेन.

पण सर, एक गाऱ्हाणे आहे. माझ्या नातीने एका शाळेत कानबाईचा उल्लेख केला तेव्हा शिक्षक सर्वांसमोर हसले. त्या दिवसापासून तिचे विज्ञानावरून मन उडाले. त्यांनी उत्क्रांती उत्तम शिकवली असेल, तरी ती तिच्यापर्यंत पोहोचली नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त शेवटी म्हणते, की ही सृष्टी कुठून झाली हे वरून पाहणारा जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल. आमच्या परंपरेत ‘ठाऊक नाही’ म्हणायला इतकी मोठी जागा आहे. मुलीला तेही ऐकवा.

तापीतीर (शहादा)

संकल्पाचा हिशेब मी आज वहीवर करून पाहिला. १९७ कोटीच येतात. आकड्याचा मुद्दा मी मागे घेतो. अवतारांच्या क्रमात काही अर्थ आहे असे मला अजूनही वाटते, पण तो विज्ञानाच्या तासाला सांगण्याचा विषय नाही हे मान्य करतो.

पांझराकाठ (साक्री तालुका)

सर्वांचा ऋणी आहे. काल वर्गात मुलांनी घरच्या शेतातून डोमकळ्या, म्हणजे बोंडअळी लागल्याने न उमललेली कपाशीची फुले, आणल्या. पाकळ्या गुलाबासारख्या मिटलेल्या असतात. त्या सोडवल्या की आत काळपट डोक्याची, पांढुरकी, तांदळाच्या कणीएवढी अळी निघते. बावीस डोमकळ्यांत सतरा अळ्या निघाल्या. “यांना विष पचवायला कोणी शिकवले?” असे विचारल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “कोणी नाही सर, ज्या मेल्या नाहीत त्यांचीच पिल्ले आहेत ही.”

मग मी त्या मुलीला सर्वांसमोर सांगितले, की त्या दिवशीचे माझे उत्तर चुकले होते. सजीव कसे घडले याचे खरे उत्तर उत्क्रांती हे आहे, केवळ पेपरासाठी नव्हे. कमळाची कथा घडलेल्या घटनांचा वृत्तांत नाही. आणि मुळात काहीतरी आहेच का, हे मलाही ठाऊक नाही. तिने विचारले, “मग सर, तुम्ही मंडपात टाळ का वाजवता?” मी म्हणालो, की वडिलांजवळ बसल्यासारखे वाटते म्हणून, आणि तिथे उभे राहिले की मन निवळते म्हणून. ती यावर पूर्ण समाधानी दिसली नाही, पण या वेळी तिने वही मिटली नाही.

दिवाळीनंतर चाळीस मुलांना पाटण्याला आणण्याचा विचार आहे. ताई, त्या दिवशी आपण सोबत याल का?