ईसॉपचं चार वर्षांचं वेस्टिंग: कुणाच्या सोयीचं?

पर्वरीकर: इथल्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर आलीय. पगार आतापेक्षा कमी, वर 4,800 ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरल्या दराने घ्यायचे हक्क. वेस्टिंग, म्हणजे ते हक्क पक्के होणं, चार वर्षांचं: वर्ष भरलं की 1,200, मग दर महिन्याला 100. अकराव्या महिन्यात सोडलं तर हातात शून्य. माझ्या मते ही माणसं बांधून ठेवायची युक्ती आहे. पटतं का?

फोंडेकर: नाही पटत. वर्षाची अट मालकाच्या डोक्यातून आलेली नाही. कंपनी कायद्याखालच्या 2014 च्या नियमांतच ग्रँट (हक्क देणं) आणि वेस्टिंग यांत किमान एक वर्ष हवं असं आहे. पुढची तीन वर्षं कंपनी ठरवते, तिथे घासाघीस करा. आणि तीन महिन्यांत बेंगळुरूला पळणाऱ्याला मालकीतला वाटा का द्यायचा?

मडगावची बाय: पळणाऱ्याचं सोडा, राबून गेलेल्याचं बोला. खरी गोम वेस्टिंगनंतर आहे. अडीच वर्षांनी सोडलं तर 3,000 पक्के. एक्सरसाइजची, म्हणजे हक्क वापरून शेअर घ्यायची, किंमत शेअरमागे 10 रुपये धरली तर 30,000 भरायचे. पण त्या दिवशीचं मूल्यांकन 210 रुपये असेल, तर वरचे 6 लाख पगाराचं उत्पन्न धरतात. 30 टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट 1,87,200 रुपये कर, तोही रोख! कंपनी शेअर बाजारात नाही, गिऱ्हाईक नाही. असले शेअर काय चवथीला गणपतीवरच्या माटोळीला फळांसारखे बांधायचे? त्यात बऱ्याच करारांत सोडल्यावर 90 दिवसांत एक्सरसाइज केलं नाही, तर पक्के झालेलेही जातात.

फोंडेकर: स्टार्टअपना 2020 च्या अर्थसंकल्पापासून हा कर पुढे ढकलता येतो.

मडगावची बाय: आंतरमंत्रालयीन मंडळाचं, म्हणजे स्टार्टअप तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र असेल त्यांनाच. आणि नोकरी सोडली की सवलत तिथेच संपते.

म्हापसेकर: तुम्ही कर धरून बसलात. पर्वरीकर, 4,800 म्हणजे एकूण किती शेअरांपैकी? एक लाखापैकी असतील तर जवळजवळ पाच टक्के. एक कोटीपैकी असतील तर 0.05 टक्क्याहूनही कमी.

पर्वरीकर: विचारलं होतं. एचआर म्हणाली, ते गोपनीय आहे.

फोंडेकर: मग सही करू नका. वेस्टिंगच्या बाजूने मी अजूनही आहे, पण एकूण आकडाच लपवतात तिथे नाही. 90 दिवसांची मुदतही वाढवून मागा, ती कंपनीच ठरवते.

मडगावची बाय: आणि कमी पगाराचंही विचारा. तो काही वर्षभर थांबत नाही, पहिल्याच महिन्यापासून लागू होतो.