पॅडसोबत डिस्कही बदला म्हणतात, आधी आकडा दाखवा म्हणावं

घाटवाट:
सर्व्हिसिंगला गाडी टाकली की हल्ली जॉब कार्डवर 'पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क' असं एकत्रच लिहून येतं (डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती, पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात), का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, सर पन्नास हजार झालेत ना. मला हे अजिबात पटत नाही म्हणून हा धागा. अहो किलोमीटरवरून पॅडसुद्धा ठरत नाहीत, तिथे डिस्क कुठून ठरणार? तीच गाडी रोज हडपसर ते हिंजवडी रखडत गेली तर पॅड तीस हजाराच्या आत संपतील आणि समृद्धीवर पळाली तर साठ-सत्तर हजार आरामात जातील. ऑटोमॅटिक असेल तर आणखी लवकर, कारण जास्त भार ब्रेकवर.

डिस्क कधी बाद करायची हे कंपनीने डिस्कवरच कोरून ठेवलेलं असतं. मधल्या टोपीवर नाहीतर बाहेरच्या कडेवर बघा, 'मिन टीएच' म्हणजे किमान जाडी आणि पुढे एमएममधला आकडा. पुढची हवा खेळणारी डिस्क नवी असताना २२ एमएम असेल तर बऱ्याचदा २० ला बाद. म्हणजे दोन्ही बाजू धरून झिजायला फक्त २ एमएम. पॅडचं मटेरियल नवं असताना साधारण १० ते १२ एमएम असतं, ३ वर आलं की बदलायचं, आणि मोजताना मागची लोखंडी प्लेट धरायची नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आकडा बघितल्याशिवाय डिस्क बदलायला हो म्हणू नका. आणि आकडा बघितल्याशिवाय 'डिस्क चांगली आहे' यावरही विश्वास ठेवू नका.

कोथरूडकर:
पूर्ण असहमत. छोट्या गाडीची डिस्कची जोडी तीन-पाच हजारात येते, चाक काढलंय, पॅड दाबणारा कॅलिपर उघडलाय, मजुरी तशीही लागलीये, मग कंजुषी नेमकी ब्रेकमध्येच का? जुन्या डिस्कवर चर पडलेले असतात, त्यावर नवा सपाट पॅड टाकला की तो फक्त उंचवट्यांना टेकतो, पहिले कितीतरी दिवस ब्रेक मऊ लागतो, आवाज येतो, आणि पॅड त्या चरांच्या आकारात झिजत जातो. त्यात तुमचंच गणित घ्या. समजा २२ ची डिस्क आज २०.४ भरली. आकड्याने पास. नवे पॅड टाकले. हे पॅड संपेपर्यंत डिस्क २० च्या खाली जाणार की नाही? जाणारच. म्हणजे अर्ध्या वाटेत ती बाद होणार आणि तेव्हा कोणी चाक उघडून बघणार नाही. त्यापेक्षा जोडीने बदला, विषय संपला.

घाटवाट:
२०.४ ला मीही बदलायलाच सांगेन, पण ते आकडा बघूनच ना दादा. पॅडचा एक सेट डिस्क किती खातो ते मागच्या आकड्यावरून कळतं, तेवढी जागा शिल्लक नसेल तर डिस्क काढा. माझा राग आहे तो २१.३ वाली डिस्क भंगारात टाकण्यावर. साधारणपणे एक डिस्क पॅडचे दोन सेट तरी बघते. बारीक चर, जे नखाला नुसते जाणवतात, ते प्रत्येक डिस्कवर असतात, त्याने काही बिघडत नाही. नख अडकून बसेल इतका चर किंवा तडा असेल तर वाद नको, बदला.

नाना_टूरवाले:
मी टूरची गाडी चालवतो, आयुष्य गेलं स्टिअरिंगवर. आकडेबिकडे काही नको, पेडल सांगतं सगळं. पॅड संपत आले की चाकातून चीं चीं येतं, ती पत्ती त्यासाठीच दिलेली असते पॅडला. कर्र कर्र आलं म्हणजे लोखंडावर लोखंड घासतंय, तिथेच थांबायचं. पेडल थरथरलं, स्टिअरिंग हललं म्हणजे डिस्क गेली. गाडी एका बाजूला ओढते तर कॅलिपर जाम. एवढं कळलं की मोजायची गरज काय पडते?

घाटवाट:
नाना, आवाज आणि थरथर याबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर, पण पातळ झालेली डिस्क आवाज करत नाही हो, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. गुळगुळीत झिजलेली १९ एमएमची डिस्क गावात अगदी मस्त ब्रेक मारते, पेडल घट्ट, थरथर शून्य. ती दगा देते घाटात.

डिस्कचं काम गाडी थांबवणं एवढंच नाही, उष्णता पोटात घेऊन हवेत सोडणं हेही आहे. महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला उतरलात की उंची हजार मीटरच्या वर कमी होते. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी हजार मीटर उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते त्यात चाळीसेक लिटर साधं पाणी उकळीला येईल. त्यातली काही इंजिन आणि वारा घेतात, पण न्यूट्रलमध्ये किंवा चौथ्या गियरमध्ये पेडलवर पाय ठेवून उतरणाऱ्याचा बराच मोठा वाटा ब्रेकमध्ये जातो. लोखंड कमी तर तीच उष्णता घेऊन डिस्क जास्त तापणार. पॅड ठरावीक तापमानाच्या वर गेला की घासतो पण धरत नाही. आणि ती उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत गेली की ऑइल उकळतं, नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं, पण ते हवेतला ओलावा ओढतं, आणि ओलावा मुरलेल्या ऑइलला मानकात मर्यादा आहे फक्त १५५ अंश. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला म्हणतात. पातळ डिस्क, संपलेले पॅड आणि जुनं ऑइल हे तिन्ही एकाच गाडीत असतात कारण मालक एकच असतो, आणि यातलं एकही पेडलला आधी कळत नाही.

नाना_टूरवाले:
ऑइलचं मान्य. आणि ज्या गियरमध्ये चढलो त्याच गियरमध्ये उतरायचं हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. पण तरी सांगतो, रोज चालवणाऱ्याला गाडीतला बदल लगेच कळतो, महिन्यातून एकदा गाडी काढणाऱ्याला नाही कळत.

कराडचं_गॅरेज:
माझं गॅरेज आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो, दोन्ही बाजूच्या लोकांना.

एक म्हणजे चाकाच्या जाळीतून वाकून बघून 'पॅड आहे अजून' म्हणू नका. तिथून बाहेरचा पॅड दिसतो. आतला, म्हणजे पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनच्या बाजूचा, बऱ्याच गाड्यांत जास्त झिजतो, आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना सुकून जाम झाल्या असतील तर बाहेर ६ एमएम आणि आत प्लेट उघडी अशा गाड्या येतात आमच्याकडे. पिना साफ करून योग्य ग्रीस लावणं हे पॅड बदलण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे आणि घाईत तेच सुटतं.

दुसरं, नवी डिस्क टाकली की सगळं संपलं असं नसतंय. हबवर, म्हणजे डिस्क जिथे बसते त्या चाकाच्या मधल्या भागावर, गंज असतो, तो न घासता डिस्क बसवली की ती किंचित तिरकी फिरते. अगदी ०.०५ एमएम, डायल गेजशिवाय दिसत पण नाही. मग प्रत्येक फेऱ्याला तीच जागा पॅडला घासून जाते, ब्रेक दाबला नसला तरी. काही हजार किलोमीटरनी ती जागा पातळ होते आणि पेडल थरथरायला लागतं. गिऱ्हाईक म्हणतंय डिस्क डुप्लिकेट होती. डिस्क चांगली होती, हब घासायचं राहिलं होतं. म्हणून कोथरूडकर, नुसतं बदलून निश्चिंत होता येत नाही.

कोथरूडकर:
हे मात्र माहिती नव्हतं, मान्य. पण मग लेथवर डिस्क मारून, म्हणजे घासून सपाट करून देतात त्याचं काय? माझ्या मते ती शुद्ध फसवणूक आहे. आधीच झिजलेली डिस्क अजून पातळ करायची आणि त्याचे पैसे घ्यायचे.

कराडचं_गॅरेज:
फसवणूक सरसकट नाही म्हणणार. २१.५ ची डिस्क आहे, थरथरते, ०.३ काढून सरळ होत असेल तर चालतंय. मात्र लेथवरून आल्यावर परत मोजायची. मिनिममच्या जवळ गेली तर लेथचा खर्चही वाया आणि डिस्कही वाया. आमच्या भागात जुन्या गाडीला कोण पाच हजार घालत नाही साहेब, लेथचे काहीशे रुपये देतो म्हणतंय. त्याला नाही म्हटलं तर तो पुढच्या गॅरेजात जाऊन फक्त पॅड टाकून निघतो.

स्टुटगार्टहून:
जर्मनीतून लिहितोय. इथे दोन्ही एकत्र बदलणं खूप कॉमन आहे आणि लेथ प्रकार जवळजवळ बघायला मिळत नाही, मजुरीच इतकी महाग की लेथवर घालवलेल्या तासात नवी डिस्क येते. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे डिस्क झिजण्याआधी गंजून जातात. पण इथे एक गोष्ट आहे जी तिकडे नाही. नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीच्या तपासणीला न्यावी लागते, तिथे ब्रेक रोलरवर प्रत्येक चाकाची ताकद वेगळी मोजतात, डावं-उजवं जमत नसेल तर गाडी नापास. त्यामुळे मालकाने दुर्लक्ष केलं तरी कोणीतरी आकडा बघतं. आपल्याकडे खाजगी गाडीला १५ वर्षं रजिस्ट्रेशन, मधे फक्त पीयूसी, आणि त्यात नुसता धूर बघतात. म्हणून मी कोथरूडकरांच्या बाजूने आहे. जिथे तपासणीच नाही तिथे जास्तीची सुरक्षितता ठेवा, दोन्ही बदला.

घाटवाट:
मुद्दा तोच, पण मी उलटा निष्कर्ष काढतो. तपासणी नाही म्हणूनच मालकाने मोजायला शिकलं पाहिजे. 'दोन्ही बदला' हा नियम पाळणारा माणूस दोन बदलांच्या मधे चाळीस हजार किलोमीटर बघतच नाही, आतला पॅड मधेच संपला तर त्याला कळणार कसं?

अकोल्याची:
तुमचं सगळं वाचलं पण काऊन हो, हे जाडी मोजायचं व्हर्नियर कोणाच्या घरी राहते? बाबा गेल्यापासून घरची गाडी मी बघते. मी सर्व्हिस सेंटरला जाते तेव्हा ते ज्या भाषेत बोलतात त्यात मला प्रश्न कुठून विचारायचा तेच कळत नाही. मला साधा नियम पाहिजे, इतके किलोमीटर झाले की हे करा. चुकून हजार-दोन हजार रुपये जास्त गेले तरी चालतील, ब्रेक लागला पाहिजे. तुम्ही मोजा म्हणता ते ज्यांना गाडीची आवड आहे त्यांच्यासाठी आहे.

घाटवाट:
ताई, अगदी रास्त प्रश्न. मोजायचं तुम्ही नाही, त्यांनी. गाडी देतानाच सांगा की पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या-बाहेरच्या पॅडची जाडी आणि डिस्कची जाडी एमएममध्ये जॉब कार्डवर लिहून द्या, डिस्कवरचा मिनिमम आकडाही शेजारी लिहा. हे दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. पॅड ३ च्या चांगलेच वर आणि डिस्क मिनिममच्या किमान अर्धा एमएम वर, तर पुढच्या तपासणीपर्यंत सोडा. लिहून द्यायला टाळाटाळ करणारा माणूस बदला सांगत असेल तर बदलू नका, दुसरीकडे दाखवा.

ज्यांना स्वतः मोजायचंय त्यांच्यासाठी एक. झिजलेल्या डिस्कला बाहेर कड राहते, सरळ व्हर्नियर त्या कडेवर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. दोन्ही बाजूंना एकसारखी दोन नाणी धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा.

रत्नागिरी_रस्ते:
पावसाळ्याचं कोणीच बोललं नाही. आमच्याकडे जुलैत रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी डिस्क तांबडीलाल. लोक घाबरतात. तो वरचा गंज दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, त्याला बदलायचं कारण नाही. पण गाडी गणपतीपासून शिमग्यापर्यंत समुद्राजवळ उभी असेल तर गंज आत खातो, खड्डे पडतात, तिथे जाडी भरली तरी डिस्क बाद. म्हणजे आकडा पास पण डिस्क नापास असंही होतं घाटवाट. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी तर हे जास्त बघावं, मोटरच गाडी मंद करते म्हणून पॅड झिजत नाहीत, आणि डिस्क न वापरताच गंजते. मित्राच्या गाडीत तेच झालं.

घाटवाट:
बरोबर, हे माझ्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. खड्डे, तडा, निळसर जळके डाग दिसले तर आकड्याच्या पलीकडे जाऊन बदला.

अकोल्याची:
बरं, लिहून मागते. अजून एक, मागच्या वेळी फक्त डाव्या चाकाचे पॅड संपले होते म्हणून तेवढेच टाकले. ते चालतं का?

कराडचं_गॅरेज:
नाही ताई. पुढची दोन्ही चाकं एकदमच करायची, पॅड असो की डिस्क, नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. आणि डाव्याचेच संपले याचा अर्थ तिथली पिन किंवा पिस्टन जाम असणार, ते आधी बघायला सांगा, नाहीतर नवे पॅडही तसेच जातील. आणि आधी ब्रेक ऑइल कमी झालं म्हणून कोणी वरून भरलं असेल तर तेही सांगा, कारण पॅड झिजले की ऑइलची पातळी आपोआप खाली येते, नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलला की ते जास्तीचं ऑइल बाहेर येतं आणि रंग खातं.

कोथरूडकर:
मी तरी माझ्या गाडीला दोन्हीच बदलणार, रोज मुलांना घेऊन जातो. पण हब घासून घेईन आणि जुन्या डिस्कचा आकडा लिहून मागेन, बघू किती भरते ते.

कराडचं_गॅरेज:
आकडा इथे टाका. आणि दोघांनाही सांगतो, गाडी ताब्यात घेतली की जागेवरच पेडल तीन-चार वेळा दाबून घट्ट करून घ्या, नाहीतर पहिला ब्रेक मोकळा जाईल. नंतर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक मारू नका. मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत हळूहळू, पूर्ण न थांबता, असं वीस-तीस वेळा, मधे गार होऊ देत. त्याआधी घाटात नेऊ नका.